माझ्या थापेला त्यांनी भ्रम म्हटलं

"तोंड उघड," मोठे डॉक्टर म्हणाले. उघडलं. आत बॅटरीचा झोत. मागून शिकाऊ डॉक्टरांची अख्खी पलटण, शंभर तरी असतील, बरं, दहा, माझ्या टाळूत डोकावून गेली. लहानपणी शिवलेली टाळू.

"ही बावीसवाली," डॉक्टर त्यांना म्हणाले. "बावीस नंबरच्या गुणसूत्राचा तुकडाच नाही. बोल गं काहीतरी, यांना आवाज ऐकू दे."

मी चोवीस वर्षांची. मला नाव आहे. नाकातून बोलते, पण बोलते. वाटूरच्या शिवारात कापूस वेचताना माझ्या थापांवर बायका अशा हसायच्या की परतूरची बस जागेवर थांबायची.

"कानात आवाज येतात का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

वाटलं, माणूस जरा हसेल. "येतात की सर. आमच्या मोसंब्या दिसभर भांडून राह्यल्यात. मी मोठी का तू मोठी!"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. भ्रम.

आईनं तो कागद चुलतीला दाखवला. झालं. वेचणीला माझी पात, म्हणजे वेचायची ओळ, एकदम कडेला. मी थाप सुरू केली की बायका एकमेकींकडं बघायच्या. चुलती तान्ह्या लेकराला समजवावं तसं म्हणायची, "हो माय, हो." मंग मी बोंडांना गोष्टी सांगितल्या. तीही पांढरी पडली.

पुढच्या तपासणीला तो कागद घेऊन एकटी गेले. त्या पलटणीतली एक डॉक्टरीणबाई बाकावर शेजारी बसली. म्हणाली, "तुकडा नसला की स्किझोफ्रेनियाची, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात त्या आजाराची, जोखीम वाढते, हे खरं. पण सगळ्यांना होत नाही. बाकीची जनुकंही ती जोखीम कमी-जास्त करतात. तुला होईलच, असं आज कुणी छातीठोक सांगू शकत नाही."

माझ्याबद्दलची गोष्ट पहिल्यांदा कुणी मला सांगितली.

आत गेले. डॉक्टरीणबाईही मागोमाग आली. "तोंड उघड."

टाळू दाखवायला नाही उघडलं. बोलायला उघडलं. "सर, आधी ते भ्रम खोडा. थाप होती ती. मी मारलेली."

"ते तू ठरवणार?"

"थाप माझी. मंग कोण ठरवणार?"

त्यांनी खोडलं नाही. मी डॉक्टरीणबाईचा पेन घेतला आन् कागदावर त्या शब्दाखाली लिहिलं, ही थाप मी मारली. सही केली, पूर्ण नावानं.

बायका अजून हसत नाहीत. वाट बघणं मी सोडलं. उद्या खरंच आवाज आले, तर पहिली मीच येऊन सांगीन. लपवणार नाही. पण माझ्या डोक्यात काय चाललंय, हे माझ्या डोक्यावरून बोलाल, तर माझं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय मी त्या खोलीतून हलणार नाही.