मालकाचा रकाना

हसनचाचा घोड्याजवळ जाताना आधी खोकत, मग हाक मारत, "मी हाय रे!" घोड्याचा डावा डोळा गेला होता, अचानक हात लागला तर तो बिथरे. बोटीवर खलाशी म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले चाचा भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत त्या जनावराशी तासन्‌तास बोलत बसत. शेजारच्या फातिमाबी टोमणा मारत, "चाचीशी कधी बोललाव काय एवढं?" चाचा म्हणत, "ती ऐकून घेत नाय. ह्यो घेतो."

हे सगळं मला नंतर कळलं. आधी दिसल्या त्या बरगड्या, खांद्यावरचा ओला घाव आणि चाचांच्या हातातला दोर. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटात मी नवी होते, कायद्याची कलमं तोंडपाठ. फोटो काढले, पोलिसांत तक्रार दिली. अर्जात मालकाचा रकाना होता. दोर ज्याच्या हातात, त्याचं नाव लिहून मोकळी झाले. एक प्रश्न विचारायचा होता. विचारला नाही.

घोडा जप्त झाला. रत्नागिरीत त्याला ठेवायला जागा मिळेना, म्हणून घाटावरच्या एका आश्रयस्थानी न्यायचं ठरलं. टेम्पो आला तेव्हा चाचा माझ्याकडे आले. "बाय, तेला डाव्या अंगानं दिसत नाय. मला चढवू दे, मग न्या खुशाल."

"आरोपीनं जनावराला हात लावायचा नाही," मी म्हणाले. असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. मीच ठोकून दिलं.

माणसांनी डावीकडून ढकलताच घोडा उसळला आणि फळीवरून खाली कोसळला. पुढचा पाय मोडला. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला संपवलं. मी अडवलं होतं तिथूनच चाचा हाका मारत राहिले.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "घोडा तुमचा?" चाचा म्हणाले, "होय साहेब." गुन्हा कबूल, दंड, प्रकरण बंद. बाहेर फातिमाबी माझ्यावर कडाडल्या, "काय गो, कसला तुझा कायदा? वरातवाल्यानं लग्नं संपल्यावर सोडून दिलेला तो! ह्या चाचांनी आणून घाव धुतला तेचा!"

जनावर सोडून देणं हाही गुन्हा आहे. तेही कलम मला पाठ होतं.

"मग आत का नाही सांगितलंत?" मी उलट चाचांवरच चिडले.

"मेल्यावर तरी बेवारशी कशाला म्हणवायचा तेला?"

त्याच दिवशी मी गटाच्या पत्रकात घोड्याच्या फोटोवर शीर्षक लिहिलं: 'क्रूर मालकाला शिक्षा!' खरं कळल्यानंतर लिहिलं. आमच्या बाजूनं लागलेला तो पहिलाच निकाल होता आणि मला तो सोडवेना.

एस.टी. स्टँडवर पत्रकं वाटत होते, तर समोर चाचा. मला वाटलं, आता चारचौघांत बोलतील. हात पुढे करून ते म्हणाले, "एक दे गो. तेचा फोटो नाय माझ्याकडे."

शीर्षकावर मी अंगठा दाबून धरला होता. देताना तो उचलावाच लागला.