विहिरीतले दोन पाय

सिंदी मेघेला आमच्या शेजारी नागपूरची एक सून आली. लग्नाआधी ती पाण्यातल्या नाचात राज्यात पहिली आलेली. गाण्यावर, पाण्यात, दोघींनी एकसारखं नाचायचं, असा खेळ असतो हेच आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. भाजी निवडतानाही तिचा पाय ताल धरून असायचा.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास तिला पुन्हा मोठ्या स्पर्धेचं बोलावणं आलं. सासू म्हणाली, "पयले मले दाखव, मंग जायचं का नाई ते ठरवू."

आम्ही तिघी आंजी गावातल्या माझ्या शेतातल्या विहिरीवर गेलो. गाणं नव्हतं, म्हणून तिनं पाण्याच्या इंजिनाचा ठोका धरला. नाकाला चिमटा लावून ती आत उतरली, डोकं खाली केलं आणि दोन्ही पाय सरळ पाण्याबाहेर काढले. पाय ठोक्यागणिक फिरत होते. इतकं नेमकं मी जन्मात काही पाहिलं नव्हतं.

सासूनं बोंब ठोकली, "बुडाली व माय! दोर टाक!"

मी घाबरून टाकलाही. तो तिच्या पायांवर पडला. ती वर आली ती हसतच.

"हासून काऊन राह्यली? माहा जीव गेलता!"

"आत्याबाई, हासलं नाई तर गुण कापतात."

"पाण्याच्या आत कोन पाहून राह्यलं तुले?"

"कोनीच नाई. तरी हासाच लागते."

सासू काठावर बसली. धाप थांबल्यावर म्हणाली, "जाय स्पर्धेले. पण तिथल्या लोकायले आधीच सांगून ठेवजो, मी बुडून नाई राह्यली म्हणून."