मामांचा वारज्यातला सर्व्हर

घराबाहेर पडूनही घरातच राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी टेकडीवर जाऊ लागले; मामांनी एक जुना कॉम्प्युटर उघडला, त्यात मोठ्या डिस्क बसवल्या आणि वारज्याच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या बुद्धमूर्तीच्या खालच्या फळीवर, स्वतःचा सर्व्हर उभा केला. घरातले फोटो, दाखले, खरेदीखत, दवाखान्याचे कागद, सगळं त्यावर चढवलं आणि मूळ कागद रद्दीत घातले. फुकट जागा देणाऱ्या कंपन्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "आपली भांडीकुंडी आपण शेजाऱ्याच्या माळ्यावर ठेवतो का?" असं ते विचारत. शेजाऱ्यांशी त्यांचे संबंध पाहता उत्तर उघड होतं.

हा सर्व्हर कुठूनही, साध्या ब्राउझरमधून उघडता येई, आणि मामा तो कुठेही उघडत. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. कात्रजच्या सर्पोद्यानात सगळी मुलं नागाकडे पाहत असताना मामा त्यांना फोनवर वारज्यातल्या यंत्राचं तापमान दाखवत होते. एका भाचीने नोकरीसाठी स्वतःचा एक दाखला मागितला, तर "पाठवणार नाही. दार उघडं आहे, ये आणि घेऊन जा," असं म्हणून त्यांनी तिला लिंक दिली. पासवर्ड टाकताना ते समोरच्याला पाठ फिरवायला लावत आणि मग एकेक अक्षर स्वतःच मोठ्याने पुटपुटत. मामी आतून म्हणत, "हळू बोला, चोर लिहून घेतोय."

गेल्या हिवाळ्यात दोघं आमच्याकडे हडपसरला राहायला आले. बॅगा ठेवतात न ठेवतात तोच मामींच्या पोटात कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये नेलं, तर अपेंडिक्स होतं, आणि ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी आधीच्या ऑपरेशनबद्दल विचारलं. मामी म्हणाल्या, "तेव्हा कुठल्याशा इंजेक्शनने माझा श्वासच अडकला होता." नाव कोणालाच आठवेना. ते जुनं हॉस्पिटलही केव्हाच बंद पडलेलं. "नाव कळलं नाही तर मला अंदाजाने भूल द्यावी लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

मामांचा चेहरा उजळला. "काळजी नको. सर्व्हरवर आहे." त्यांनी फोनवर पान उघडलं. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं आणि शेवटी सर्व्हर सापडत नाही असं लिहून आलं. परत तेच. मग ते खुर्चीत बसले.

"जावईबापू, मी निघताना मेन स्विच बंद केला."

बाहेरगावी जाताना गॅस, पाणी आणि मेन स्विच बंद करायचा, ही त्यांची जन्माची शिस्त. आणि हडपसर त्यांच्या लेखी बाहेरगाव होतं. सर्व्हर उभा केल्यापासून ते एकही रात्र बाहेर राहिले नव्हते, त्यामुळे जगात कुठूनही दिसणारं हे यंत्र मालक वारज्यात असेल तरच दिसतं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. गाडीने वारज्याला जाऊन वीज चालू करेपर्यंत डॉक्टर थांबणार नव्हत्या. मेन स्विच मात्र खाली पार्किंगमध्ये, मीटरपाशी होता. मामांनी समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना स्पीकरवर फोन लावला. जिन्यातल्या चपलांवरून त्या दोघांचं बोलणं बंद होतं.

"अहो, मी समोरचा बोलतोय."

"ओळखलं. चपला आतच आहेत माझ्या."

"ते नाही हो. आमचा मेन स्विच तेवढा चालू कराल का? हिला ऑपरेशनला नेतायत."

"अगं बाई! आधी सांगायचं ना! निघालेच. फोन ठेवू नका." जिन्यात पावलं वाजली. "यातला तुमचा कुठला?"

"ज्यावर 'हात लावू नये' अशी सूचना चिकटवलीय, तो."

"सगळ्यांवर तुमचीच सूचना आहे हो!"

"डावीकडून पहिला."

"लावला हात," बाई म्हणाल्या, आणि खट् आवाज झाला.

वीज आली की सर्व्हर आपोआप उठे, एवढी तजवीज मामांनी केली होती. पण त्याला उठायला वेळ लागतो, आणि तो वेळ आम्ही स्ट्रेचरभोवती उभं राहून काढला. अखेर पान उघडलं. मामांनी घाईघाईने अक्षरं दाबली. पासवर्ड दोनदा चुकला. तेव्हा मामींनी डोळे मिटूनच तो अक्षर अक्षर सांगितला. "इतकी वर्षं ऐकतेय," त्या म्हणाल्या. या वेळी कोणीही पाठ फिरवली नाही.

डॉक्टरांनी जुना कागद वाचला. "हेच देणार होते मी. आता दुसरं देते." स्ट्रेचर आत गेलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर मामींनी पहिल्यांदा चहा मागितला आणि तो मिळणार नाही म्हटल्यावर नर्सवर रागावल्या, तेव्हा आम्हाला खरा धीर आला. मी मामांना सांगायला बाहेर आलो. ते बाकावर बसले होते, फोन अजून हातात.

"मामा, मामी बोलतायत. ठेवा तो फोन आता."

त्यांनी मान हलवली, पण फोन ठेवला नाही. पडद्यावर रिपोर्ट नव्हता, एक जुना फोटो होता. धरणावरच्या कुठल्याशा क्वार्टरसमोर, दोन वेण्या घातलेल्या मामी उन्हाने डोळे बारीक करून हसत होत्या.

"सगळे मीच चढवलेत," मामा म्हणाले. "बघतोय मात्र आज."