प्लासिदची पाहणी

प्लासिद फर्नांडिस बोटीवरची नोकरी सोडून मालवणला परतला तेव्हा त्याचे गुडघे निकामी झाले होते, नाक मात्र शाबूत होतं. चोवीस वर्षं त्याने मोठमोठ्या प्रवासी जहाजांवर साफसफाईच्या खात्यात काढली. सुरुवातीला संडास घासले, मग खोल्या लावल्या आणि शेवटची आठ वर्षं दुसऱ्यांनी घासलेले संडास तपासले. एका जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आली, तेव्हा चार दिवस झोप न घेता त्याने जिन्यांचे कठडे, दारांच्या मुठी आणि नळ पुसून घेतले होते. तेव्हापासून त्याची एक गोष्ट पक्की होती. घाण दिसते तिथे रोग नसतो, रोज माणसाचा हात लागतो तिथे असतो.

घरी बसल्यावर मात्र या ज्ञानाचा उपयोग करायला एकच जागा उरली, ती म्हणजे बायकोचं स्वयंपाकघर. पिएदादने तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेली. ती काय कोणाची ऐकून घेणारी बाई नव्हे.

"दिवसभर माझ्या टोपांचो वास घेत फिरतस," ती एक दिवस म्हणाली. "ता नवा पाळणाघर झालाहा, थंय माणूस होयो आसा. थंय जा आणि घे काय तो वास."

गावातल्या एका संस्थेने नोकरदार बायांसाठी पाळणाघर काढलं होतं. नाव 'चिमणघर'. दीड ते पाच वर्षांची चाळीसेक मुलं. बँकेतल्या, कचेरीतल्या, देवबागेत पर्यटकांची घरं चालवणाऱ्या बाया सकाळी मुलांना सोडायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. संस्थेला दाखवायला एक स्वच्छता तपासनीस हवा होता. जहाजावरचा माणूस म्हटल्यावर मुख्य बाई अनुजा मॅडम खूश झाल्या. पालकांच्या पहिल्या सभेत त्यांनी प्लासिदला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या.

प्लासिदने पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. फडकी वेगळी केली. लाल दांड्याचं फडकं संडासात, निळ्याचं खोलीत, पिवळ्याचं जेवणाच्या जागी. सफाईचं काम सीताकडे होतं. ती आतल्या गावातली, रोज एसटीने येणारी. तिला हे झेपेना. प्लासिदला ती 'पात्रांव', म्हणजे मालक, म्हणायची.

"पात्रांव, वीस वर्सां लोकांची घरां पुसतंय मी. माका शिकवतास?"

"शिकवत नाय गो. संडासातलां फडकां जेवणाच्या खोलयेत नेव नको, एवढांच सांगतंय."

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने स्वतःसाठी नियम घातला. मुलांच्या संडासात पाहणीला जायचं तर दारावर तीनदा टकटक करायची, सीताने आतून "कोण नाय" असं ओरडून सांगायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. जहाजावर पाहुण्यांच्या खोलीत असंच जात. चार गोष्टी बघायच्या, बाहेर यायचं, वहीत खुणा करायच्या. वहीवर रोज अनुजा मॅडमची सही.

वर्षभर बरं चाललं. सीताही रुळली. पावसाळ्यात गाद्यांना बुरशी धरू नये म्हणून ती आपणहून पंख्याखाली गाद्या उभ्या करू लागली. लाकडी खेळणी दर शुक्रवारी धुतली जायची, कारण लहान मूल खेळण्याशी खेळत नाही, ते खेळणं खातं, असं प्लासिद म्हणायचा. मुलं त्याला 'आजो' म्हणत. जेवायच्या आधी ती ओळीने त्याच्यासमोर हात पसरून उभी राहायची आणि तो कमरेत वाकून गंभीर चेहऱ्याने एकेक पंजा तपासायचा. एखाद्याच्या नखात माती दिसली की तो नुसता भुवया उंच करी, आणि ते मूल खिदळत नळाकडे पळे.

दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी संस्थेने मागच्या अंगणात नवे संडास बांधले. काम संस्थेचे सेक्रेटरी गुरुदास यांच्या मेव्हण्याने केलं. संडासाची टाकी खणली ती पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीपासून जेमतेम आठ फुटांवर, आणि तीही चढाच्या बाजूला. जूनमध्ये पाऊस लागला आणि चार दिवसांत प्लासिदला पाण्याच्या टाकीचं झाकण उघडल्यावर वास आला. दुसऱ्या कोणाला येत नव्हता. सीतानेही नाक लावून बघितलं आणि मान हलवली.

प्लासिदने वहीत लिहिलं. मॅडमनी सही केली. पंधरा दिवसांनी त्याने पुन्हा लिहिलं, यावेळी शब्दांखाली रेघ मारून. मॅडमनी सही केली. जुलैत तिसऱ्यांदा लिहिलं आणि वही त्यांच्या टेबलावर उघडी ठेवून तो समोर उभा राहिला.

"सांगितलंय मी गुरुदासांना," मॅडम म्हणाल्या. "पावसाळा संपल्यावर बघू म्हणतात."

"मॅडम, पोरं पावसाळ्यातपण पाणी पितात."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांना नोकरी टिकवायची होती, एवढंच.

जुलैच्या शेवटी दोन मुलांना जुलाब लागले. मग पाच जणांना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अकरा. सगळ्यांनी पावसाळ्यावर ढकललं, हवाच तशी आहे म्हणाले. पहिली दोन मुलं आजारी पडली त्या दिवसापासून प्लासिदने पाणी उकळून द्यायला सुरुवात केली, पण गॅस एकच आणि मुलं चाळीस. देवबागच्या कौस्तुभची चार वर्षांची पोर दवाखान्यात सलाईनवर गेली, ती नऊ दिवस तिथेच राहिली. चौथ्या दिवशी कौस्तुभ फाटकापाशी प्लासिदला भेटला. दोन रात्री न झोपल्याने त्याचे डोळे तांबारले होते.

"काका, माका खरां सांगा. पोरां कित्याक आजारी पडतत?"

प्लासिदला गप्प राहता आलं असतं. मॅडमना विचारा, असं म्हणता आलं असतं. पण जहाजावर चोवीस वर्षं त्याला एकच शिकवलं होतं, की विचारलं तर जे बघितलं ते सांगायचं.

"पाणी," तो म्हणाला. "संडासाची टाकी आठ फुटांर आसा. मी तीनदा लिवन दिलंय."

दुसऱ्या दिवशी कौस्तुभ पंधरा पालकांना घेऊन कचेरीत गेला. आवाज चढले. तुमचाच माणूस सांगतोय, वही दाखवा, असं तो म्हणाला. गुरुदासांनी सगळ्यांना चहा दिला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

आठ दिवस लागलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी प्लासिदला कचेरीत बोलावलं. गुरुदास खुर्चीत, बाजूला अनुजा मॅडम. त्याला बस म्हणाले नाहीत.

"फर्नांडिस, तुमच्याबद्दल एक तक्रार आलीय."

त्याला वाटलं, पाण्याबद्दलच असणार. "मी वहीत लिहिलंय तेच सांगितलं, साहेब."

"पाण्याचं नव्हे." गुरुदासांनी टेबलावरचा कागद उलटा करून ठेवला. "तुम्ही मुलांच्या संडासात फार वेळ असता, असं एका पालकाचं म्हणणं आहे. पुरुष माणूस, लहान मुलं, कपडे काढलेले असतात. लोक बोलतात."

आपण काय ऐकलं ते प्लासिदच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ गेला.

"कोणाचं म्हणणं?"

"नाव सांगता येणार नाही."

"मी मुलं असताना आत जात नाही. कधीच गेलो नाही. तसा नियम मीच केलाय. सीताला विचारा."

सीताला बोलावलं. हात पदराला पुसत ती दारातच उभी राहिली. गुरुदासांनी विचारलं तेव्हा तिने प्लासिदकडे बघितलं नाही. कचेरीतली भाषा तिला जड जायची, म्हणून शब्द एकेक करून आले.

"मी भांडी घासत असते. माझं लक्ष नसतं."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

प्लासिदने मॅडमकडे बघितलं. रोज तीनदा टकटक होते, सीता ओरडते, हे मॅडमच्या टेबलापर्यंत ऐकू यायचं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"आम्ही काही आरोप करत नाही," गुरुदास म्हणाले, आणि आवाज मऊ करून पुढे म्हणाले, "तुमचं वयही झालं. थोडे दिवस विश्रांती घ्या. विषय इथेच मिटेल."

प्लासिदने वही मागितली. ती जमा झालीय, असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात तालुक्याहून पाहणीला माणसं आली तेव्हा त्यांना जी वही दाखवली, तिच्यात जून आणि जुलैच्या प्रत्येक दिवसापुढे बरोबरची खूण होती. त्याच्या अक्षराचं एक पानही नव्हतं. त्याने कधी फोटो काढून ठेवला नव्हता. कामावर फोन न्यायचा नाही, हीही जहाजावरचीच सवय.

विषय मिटला नाही. प्लासिद घरी बसला, आणि विषय कचेरीतून बाहेर पडून बाजारात जाऊन बसला. कोणी तोंडावर काही बोलत नव्हतं. पावाच्या दुकानात तो शिरला की बोलणं थांबायचं, इतकंच. तक्रार करणारं नाव शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, कारण तसं नाव नव्हतंच, असं प्लासिदला वाटे. पण नसलेल्या माणसाला खोटं पाडणार कसं?

पोलिसांत जावं असं एकदा त्याच्या मनात आलं. पिएदादने अडवलं. "आता लोकांच्या तोंडार आसा. उद्या कागदार इलां तर जल्मभर पुसाचां नाय." तिचंही बरोबर होतं.

कौस्तुभ मासळीबाजारात भेटला. त्याची पोर घरी आली होती, हळूहळू खात होती. त्याने तिला दुसरीकडे घातलं होतं. प्लासिदला बघून तो थबकला, मग जवळ आला, पण दोन हात अंतर ठेवून.

"काका, मी काय तसलां मानत नाय," तो म्हणाला. "पण बायको भियता." आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन चालू लागला.

या सगळ्यापेक्षा एक गोष्ट प्लासिदला अधिक लागली. सप्टेंबरातली दुपार होती. पिएदाद मागच्या दारी बांगडे साफ करत होती, तो पाणी ओतत होता. मान खाली ठेवूनच ती म्हणाली,

"एक विचारू? रागव नको."

"विचार."

"त्या संडासात तुका रोज किती वेळ लागत होतो?"

प्लासिदने तांब्या खाली ठेवला. "चार मिनटां," तो म्हणाला. "सीट, नळ, साबण आणि जाळी. सीट मागसून बघूची लागता, थंय घाण रवता. कधी पाच मिनटां." बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं की आपण बायकोला जबाब देतोय.

"बरां," पिएदाद म्हणाली आणि पुढचा बांगडा हातात घेतला.

तिचा त्याच्यावर विश्वास होता. तेहतीस वर्षांचा संसार होता तो. पण प्रश्न तिच्या पोटात महिनाभर होता आणि तो विचारल्याशिवाय तिला राहवलं नाही, हेही तितकंच खरं होतं. त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. ती त्याला टोपांचा वास घ्यायला हसून बोलावू लागली, मुद्दाम, आणि त्याला ते सहन होईना.

ऑक्टोबरात संस्थेने पाण्याची टाकी गुपचूप इमारतीच्या पुढच्या बाजूला हलवली. कारण कोणी सांगितलं नाही, विचारलंही नाही. जुलाब थांबले. प्रजासत्ताक दिनी संस्थेला स्वच्छतेचं एक प्रशस्तिपत्र मिळालं आणि गुरुदासांचा हार घातलेला फोटो पेपरात आला. त्याच सुमारास सीता प्लासिदच्या आवाठात, त्याच्या घराकडे, आली होती. कुंपणाबाहेरच उभी राहिली.

"पात्रांव, माझी सून पोटुशी आसा. तिचो घोव, माझो झील, घरात बसान. माझी नोकरी गेली असती."

"म्हायती आसा माका."

"तुमी माका शिव्या तरी घाला."

प्लासिदने उलट विचारलं, "फडकी वेगळी ठेवतस?"

सीता खाली बघू लागली. "आता कोण बघता?" ती हळूच म्हणाली.

तिला आत ये म्हणावं इतकं मोठं मन त्याला करता आलं नाही, आणि ते नाही करता आलं याचं त्याला वाईटही वाटलं नाही.

दरवर्षी चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, छोट्या मुलांची रांग प्लासिद सांभाळायचा. पांढरे कपडे, हातात मेणबत्त्या, कोणाचं मेण कोणाच्या केसांवर पडू नये म्हणून हातभर अंतर. बोटीवरून आल्यापासून ते काम त्याचंच होतं. यंदा फेस्ताच्या आठवडाभर आधी फादर एल्टन स्वतः घरी आले. कॉफी घेतली, पिएदादने केलेल्या दोदोल मिठाईची स्तुती केली आणि उठताना म्हणाले,

"प्लासिद, यंदा तू गाड्यांचां बघ. मैदानात भारी गर्दी जाता."

"आणि पोरांचां?"

"सिस्टर बघतली."

फादर तरुण होते, त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांचा चेहरा पडला होता. प्लासिदनेच त्यांची सुटका केली. बरं म्हणाला.

फेस्ताच्या दिवशी त्याने गाड्यांचं चोख बघितलं. मैदानात चुन्याच्या रेघा मारल्या, मोटारसायकली एका अंगाला, गोव्याच्या गाड्या दुसऱ्या. दहाच्या सुमारास एक पांढरी गाडी आली. दार उघडताच तीनेक वर्षांचा एक पोर बाहेर उडी मारून धावला आणि नळाजवळच्या चिखलात उपडा पडला. उठला, रडला नाही. दोन्ही पंजे चिखलाने भरले होते. त्याने ते समोर पसरले आणि सगळ्यात जवळ जो माणूस उभा होता त्याच्याकडे, प्लासिदकडे, चालत आला.

प्लासिदच्या खिशात इस्त्री केलेला रुमाल होता. तो कमरेत वाकू लागला होता. मग सरळ झाला, दोन्ही हात पाठीमागे घेतले, दोन पावलं मागे सरला आणि मैदानभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ह्या पोराची आवय खंय आसा?"

आई धावत आली. तिने पोराचे हात नळाखाली धुतले, ओढणीने पुसले आणि जाताना "थँक यू अंकल" म्हणाली. ती गोव्याची होती, तिला काही माहीत नव्हतं. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. प्लासिदने पुढच्या गाडीला हात केला आणि रिकामी जागा दाखवली.