‘समदर्शी’चा आलापल्लीचा वार्ताहर

लटारू दुर्गेला मी पहिल्यांदा पाहिलं ते आलापल्लीच्या बस स्टँडवर, एस.टी.च्या टपावरून पेपरचा गठ्ठा उतरवताना. १९८१ साल होतं. ब्रह्मपुरीहून बदली होऊन मी तिथल्या शाळेवर नुकताच रुजू झालो होतो. चंद्रपूरची गाडी दुपारी दोनच्या सुमाराला यायची, त्यामुळे सकाळचा पेपर आम्ही जेवण करून वाचायचो. पावसाळ्यात आष्टीला नदी चढली की चार-चार दिवसांचे अंक एकदम यायचे. लटारू ते तारखेनं लावून द्यायचा. “मास्तर, पहिले मंगळवार वाचा जी. नाईतर बुधवार समजणार नाई,” म्हणायचा.

‘समदर्शी’ हे दिल्लीचं राष्ट्रीय दैनिक. त्याची मराठी आवृत्ती नागपूरहून निघायची. लटारू तिचा आलापल्लीचा एजंट होता आणि वार्ताहरही. सदतीस अंक तो सायकलवर वाटायचा: वनखात्याच्या कचेरीत, आरागिरणीवर, दवाखान्यात, आम्हा मास्तरांकडे. वाटून झाले की घराच्या पडवीत बसून बातमी लिहायचा. उंच, हडकुळा माणूस. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अक्षर मात्र छापल्यासारखं.

या पेपरवर त्याचा जीव का, ते त्यानं मला एकदा सांगितलं. १९५६ च्या ऑक्टोबरात त्याचे वडील देवाजी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला पायी गेले होते. परतताना त्यांनी ‘समदर्शी’चा अंक आणला. देवाजींना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो गावच्या गुरुजींकडून तीनदा वाचून घेतला. “त्यात आमाले ‘नवदीक्षित बांधव’ म्हणलं होतं, मास्तर,” लटारू म्हणाला. “तवर आमच्या गावात कोनी आमाले बांधव म्हणलं नव्हतं. बाप म्हणे, हा पेपर आपला.”

पेपरचा इतिहासही त्याला घरच्या माणसासारखा पाठ होता. बेचाळीस साली इंग्रजांनी छापखान्याला सील ठोकलं आणि संस्थापक संपादक दोन वर्षं तुरुंगात राहिले. स्वातंत्र्यानंतर पेपर काँग्रेसच्या बाजूचा, पण वेळप्रसंगी तिचाच कान धरणारा. आणीबाणीत एके दिवशी अग्रलेखाची जागा कोरी सोडून अंक निघाला. लटारू तेव्हा बल्लारपूरला बांबूच्या गाड्या रिकाम्या करायच्या कामावर होता. चहाच्या टपरीवर तो पांढरा चौकोन त्यानं पाहिला आणि त्याच आठवड्यात संपादकांना पोस्टकार्ड टाकलं. तीन वर्षांनी, आलापल्लीला बिऱ्हाड केल्यावर, त्याला वार्ताहराचं ओळखपत्र मिळालं.

१९८३ साली संस्थापक वारले. मुलांनी पेपर विकला. घेणारी मंडळी व्यापारी होती. कोळशाची वाहतूक, लाकूड, तेंदूपत्ता, सगळीकडे त्यांचे हात होते. पेपर बदलला तो एकदम नाही. कागद आधीपेक्षा पांढरा झाला, फोटो मोठे झाले, शेवटच्या पानावर सिनेमा आला. मग शब्द बदलू लागले. लटारू लिहायचा, ‘बांबू कटाईच्या मजुरांची रोजी वाढवण्याची मागणी.’ छापून यायचं, ‘जंगलकामात अडथळे, चिथावणीचा संशय.’ अग्रलेखात दर आठवड्याला कायदा-सुव्यवस्था. दिल्लीत आणि मुंबईत ज्याचं सरकार त्याचा पेपर, असं मी म्हणालो की लटारू चिडायचा.

“नागपूरले बातम्यायच्या टेबलावर नवीन पोरं हायेत जी. त्यायले जंगल का माहीत? मी समजावून लिहून राह्यलो ना!”

त्याची बायको रुखमा चुलीपाशी बसून ऐकायची. ती एकदा म्हणाली, “तुमी समजावता, अन् ते कापतात. कवापर्यंत?”

१९८६ च्या मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. आलापल्लीपासून सव्वीस किलोमीटरवर, जंगलात, कोडेवाडा नावाचं गोंडांचं गाव. तिथल्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, बायाबापड्यांनी काम थांबवलं होतं. पानांच्या शंभर पुड्यांमागचा भाव वाढवून द्या, एवढंच मागणं. त्यांच्यात पुढे होऊन बोलणारा पोचू मडावी. तिशीचा, चार बुकं शिकलेला. त्या भागात रायफलवाले दादा येत, भात मागत, भाषण करत. दिवसा पोलीस येत आणि भात कुणी दिला ते विचारत. गाव दोन्हीकडून पिचलेलं होतं. अशात एका सकाळी पोलिसांनी फळीवर गोळीबार केला आणि पोचू मेला.

लटारूला दुसऱ्या दिवशी लाकडाच्या ट्रकवाल्याकडून कळलं. तो सायकल काढून निघाला. रात्री परत आला. मी त्याच्या घरी गेलो. तो पाण्याचा तांब्या हातात धरून नुसता बसला होता.

“पाठीत लागली गोळी, मास्तर,” तो म्हणाला. “पानाचे पुडे तसेच पडून हायेत. त्याच्या हातात पुडे बांधाची दोरी होती. अकरा जनांनं सांगतलं मले, सगळ्यायची नावं लिवून घेतली. त्याच्यापाशी बंदूक कोनीच पायली नाई.”

“पोलिसांना विचारलंस?”

“विचारलं ना. ते म्हणतात चकमक झाली. तेही लिवतो. दोनी बाजू लिवतो.”

त्यानं खरंच दोन्ही लिहिल्या. चार पानं, खाली कार्बन घालून. वरची प्रत पाकिटात घालून चंद्रपूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. बातम्या अशाच जायच्या.

तिसऱ्या दिवशी गठ्ठा आला. मी स्टँडवरच होतो. लटारूनं सुतळी तोडली आणि वरचा अंक उघडला. पहिल्या पानावर, तीन कॉलमांत: ‘कोडेवाड्याच्या चकमकीत जहाल नक्षलवादी ठार’. खाली ‘आमच्या आलापल्लीच्या वार्ताहराकडून’. आत पोचूच्या हातात गावठी बंदूक होती, त्यानं आधी गोळी झाडली होती, आणि गावकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

लटारूनं बातमी दोनदा वाचली. मग अंकांची घडी घालून पिशवीत भरली आणि सायकलवर टांग मारली. त्या दिवशीही त्यानं सदतीस घरी पेपर टाकला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. “हातच चालत गेले जी. सात-आठ वर्साची सवय. शेवटचा अंक टाकल्यावर समजलं, मी काय वाटून आलो ते.”

दोन दिवसांनी पोचूची बायको कुंता आलापल्लीला आली. सोबत गावातला म्हातारा मंगरू होता. कडेवर लहान पोर. कुणीतरी पेपर तिला वाचून दाखवला होता. ती पडवीत आली आणि उभीच राहिली. गोंडी मिसळलेल्या मराठीत तिनं विचारलं, “भाऊ, तू आला होता ना? मी तुले पाणी देल्लं ना? मंग असं काऊन लिवलं?”

“मी नाई लिवलं बाई.” लटारू आत धावला, कार्बनची प्रत घेऊन आला. “हे पाय. मी हे लिवलं. हे बघ, मंगरूभाऊचं नाव, तुहं नाव.”

कुंतानं कागदाकडे पाहिलं. तिला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. “तू लिवलं थे खरं असन,” ती म्हणाली. “पण लोकायनं वाचलं थे दुसरंच.”

रुखमानं तिला बस म्हटलं, चहा ठेवला. कुंता चहा न घेता निघून गेली.

लटारू नागपूरला गेला. ‘समदर्शी’ची कचेरी त्यानं त्याआधी एकदाच पाहिली होती. निवासी संपादक दाणी साहेब संस्थापकांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्या टेबलामागे बेचाळीसच्या सील ठोकलेल्या छापखान्याचा फोटो होता. तिथं काय बोलणं झालं, ते लटारूनं मला शब्दशः सांगितलं.

“साहेब, माह्या नावावर खोटं छापलं. खुलासा छापा.”

“तुझं नाव कुठे आहे? ‘वार्ताहराकडून’ एवढंच आहे.”

“आलापल्लीत वार्ताहर दुसरा कोन हाय, साहेब?”

दाणींनी पेन टोपणात घातलं. “हे बघ दुर्गे. तुझा मजकूर मी वाचला. चांगला होता. वरून फोन आला की सरकारी माहितीच घ्यायची. मालकांची गोदामं त्याच भागात आहेत. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत.”

“आनीबानीत तुमीच ना साहेब, जागा कोरी सोडली होती?”

“सोडली होती. तेव्हा मालक वेगळे होते.” मग दाणी म्हणाले, “तू घरी जा. जपून राहा. तुझ्यासारख्या माणसाला तिकडे कुणी वाली नाही.”

खुलासा आला नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला गोळीबाराची चौकशी लागली. एक अधिकारी गडचिरोलीला बसणार, ज्याला सांगायचं त्यानं येऊन सांगावं. कोडेवाड्याहून फक्त कुंता आणि मंगरू गेले. बाकीचे भ्याले, आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पहिल्याच दिवशी सरकारी वकिलानं ‘समदर्शी’चा अंक पुढे ठेवला. ‘सरकारचा नव्हे, एका राष्ट्रीय दैनिकाचा वार्ताहर स्वतः गावात जाऊन काय लिहितो ते पाहावं.’ मंगरूनं हे येऊन सांगितलं, तेव्हा लटारूनं कार्बनची प्रत बाहेर काढली.

“मले जावं लागते,” तो म्हणाला.

मी त्याला अडवलं, हे लिहून ठेवायला हवं. मी म्हणालो, “एजन्सी जाईल. पोलिसांच्या डोळ्यांवर येशील. रुखमाबाईंचा विचार कर.”

रुखमा दारात उभी होती. ती म्हणाली, “मास्तर, तो पेपर यायनंच घरोघरी टाकला. आता यायलेच उचलाले लागन.”

लटारू एस.टी.नं गडचिरोलीला गेला. त्यानं कार्बनची प्रत दिली, शपथेवर सांगितलं की छापलेला मजकूर माझा नाही. वकिलानं विचारलं, ही प्रत तुम्ही काल रात्री लिहिली नाही कशावरून? वरची प्रत कुठे आहे? लटारू म्हणाला, पेपरच्या कचेरीत. कचेरीला पत्र गेलं. उत्तर आलं की असा कोणताही मजकूर दप्तरी आढळत नाही. दाणी साहेबांची सही होती.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी गठ्ठा आला तो स्टँडवरच्या हॉटेलवाल्या बाबुलालच्या नावानं. बाबुलाल बिचारा कावराबावरा झाला. “लटारूभाऊ, मले काईच माहीत नाई गा. चिठ्ठी आली, इतकंच.” लटारूनं त्याला कुणाकडे किती वाजता अंक टाकायचा ते समजावून सांगितलं. वनखात्याच्या साहेबाला पेपर दारात टाकलेला चालत नाही, हातात द्यावा लागतो, हेसुद्धा.

जानेवारीत त्याला पोलीस घेऊन गेले. चौकशी करायची आहे म्हणाले. अकरा दिवसांनी सोडलं. काय झालं ते त्यानं रुखमालाही सांगितलं नाही. उजव्या हाताची मधली तीन बोटं वळेनाशी झाली होती. पेन धरायचा तो अंगठा आणि करंगळीच्या आधारानं. ते छापल्यासारखं अक्षर गेलं. गावातले लोक त्याच्याशी बोलायचे, पण उभ्या उभ्या, इकडेतिकडे पाहत. जंगलातूनही एक चिठ्ठी आली, पोलिसांनी सोडलं ते कशाच्या बदल्यात, अशी. दोन्हीकडे त्याच्यावर संशय होता. तो आरागिरणीवर लाकडाचं माप घेणाऱ्याच्या हाताखाली लागला, आणि रुखमा दवाखान्यात झाडलोटीला जाऊ लागली.

मी त्या काळात त्याच्याकडे कमी जायचो. कारण शोधायचं म्हटलं तर मुलांच्या परीक्षा होत्या, घरी आजारपण होतं. खरं कारण भीती.

चौकशीचा अहवाल १९८८ च्या उन्हाळ्यात आला. ‘समदर्शी’त त्यावर एक ओळही आली नाही. लटारूनं गडचिरोलीच्या एका वकिलाकडून नक्कल मिळवली आणि माझ्याकडे आला. “मास्तर, कोडेवाड्याले जातो. चालता का?” या वेळी मी हो म्हणालो.

गावात मोहाच्या झाडाखाली पंधरा-वीस माणसं जमली. कुंता पुढे बसली होती. लटारूनं चष्मा लावला आणि अहवाल पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मराठी वाक्य वाचायचं, मग मोडक्या गोंडीत सांगायचं. कुठे अडला की मंगरू शब्द पुरवायचा. गोळीबार आत्मसंरक्षणार्थ होता. मृत इसम बंदी असलेल्या संघटनेशी संबंधित असण्याची शक्यता नाकारता येत नाही. साक्षीदार दुर्गे यांची साक्ष विश्वासार्ह वाटत नाही. हे वाक्यही त्यानं वाचलं आणि गोंडीतही सांगितलं. काही गाळलं नाही. दीड तास लागला. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. एक म्हातारी मधेच उठून बकऱ्या हाकलून आली आणि परत बसली.

वाचून झाल्यावर कुंता म्हणाली, “नाव पुन्हा वाच.”

“मृत इसमाचं नाव पोचू वल्द डोमा मडावी, वय अंदाजे पंचेचाळीस.”

“डोमा नाई,” ती म्हणाली. “त्याच्या बापाचं नाव लच्छू. अन् पंचेचाळीस नाई. तीस.”

लटारूनं खिशातून पेन काढलं. अंगठा आणि करंगळीत धरून त्यानं ‘डोमा’ खोडलं, वर ‘लच्छू’ लिहिलं, बाजूला ‘तीस’. वेळ लागला. मग तो कागद कुंताच्या हातात दिला. तिनं त्याची घडी घातली आणि पदरात बांधली.