लेले बाईंच्या कॅसेटी

कल्याण स्टेशनजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. माल वाशीहून, मुंबईहून आणावा लागे. किस्से मात्र गिऱ्हाईकच आणून काउंटरवर टाकून जाई. त्यातला सगळ्यात गोड माल लेले बाईंचा.

बाई शाळेत शिकवायच्या. अडखळत वाचणाऱ्या पोरांसाठी त्या माझ्या दुकानात बसून धडे टेप करायच्या. पोरांनी घरी कॅसेट ऐकायची आणि पुस्तकात बघत सोबत मोठ्यानं वाचायचं. मी म्हटलं, "बाई, पोरं आळशी होतील!"

"तुम्ही गाणी कशी शिकलात? पुस्तकातून?"

मी निमूट कोरी कॅसेट काढून दिली!

पहिल्याच धड्यात शेजारचा चहावाला ओरडला, "शेट, कटिंग की फुल?" बाईंनी ते तसंच राहू दिलं. मग काय, वर्गात कॅसेट नसतानाही अख्खा वर्ग त्या जागी आला की थांबायचा, चहावाल्याचं बोलणं होऊ द्यायचा आणि पुढे जायचा! तपासणीला आलेले साहेब खूश. "वा! अर्थ कळून थांबतात मुलं!"

एका पोराच्या टेपचे सेल उतरलेले, कॅसेट हळू फिरायची. तो वर्गात उभा राहिला आणि रेडा रेकावा तसा वाचायला लागला.

"अरे, घसा बसलाय का?"

"नाय बाई, तुम्हीच असं वाचता!"

आंबिवलीचा काशीनाथ कारखान्यात फिटर. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने त्यांच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, घराघराची पाळी लागलेली. स्वतःची पाळी आली की हा सेकंड शिफ्ट मागून घ्यायचा! त्या वर्षी त्याच्या लेकीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी वाचणार?" दुसऱ्याच दिवशी तो दुकानात. हळूच म्हणाला, "शेट, मोठ्या माणसाचा धडा भरून मिळेल का?"

बाईंनी त्याच्या वाट्याची पानं भरून दिली.

"काय काशीनाथ, कसं चाललंय?"

"बाई लय पळतात, शेट! सुटलेल्या एसटीमागे धावल्यासारखं वाटतं."

मग एके दिवशी हसतच आला. "आज बाईंना मागे टाकलं! फुलस्टॉपवर उभा राहून वाट बघितली त्यांची!"

पाळीच्या संध्याकाळी बाई आणि मी दोघंही गेलेलो. विहार भरलेला, लेक पहिल्या रांगेत. काशीनाथनं घाम पुसला, एक-दोनदा अडखळला, मग गाडी लागली रुळावर. आणि ऐन मध्यावर लाईट गेली! मिट्ट काळोख. काशीनाथ थांबेचना.

विहाराचे अध्यक्ष ओरडले, "अरे काशीनाथ, दिसतंय का तुला?"

"तुम्हाला ऐकू येतंय ना साहेब? मग बसा खाली!"

कुणीतरी मेणबत्ती पेटवून आणली, तोवर त्याचं वाचन चालूच. लेले बाई उठल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्यावरून वाकून पुस्तकात बघितलं.

अंधारातही पान बरोबर जागी उलटलेलं होतं!