खलीलमियाँ आणि लंगडं घड्याळ

द्वारका चौकाजवळच्या खलीलमियाँ घड्याळजींची नजर मंदावली होती. तोंड मात्र तसूभरही मंदावलं नव्हतं. उभ्या घड्याळांत आपला हात धरणारा नाशकात कोणी नाही, असं ते स्वतःच सांगत. खरंही होतं म्हणा.

पण चांदवडच्या सावळीराम व्यापाऱ्याच्या घड्याळानं त्यांच्या नाकी नऊ आणले. कुण्या साहेबानं विलायतेला परतताना लिलावात काढलेलं, माणसाएवढं घड्याळ. उंच पेटी घरीच ठेवून सावळीराम नुसतं यंत्र, लंबक आणि वजनं घेऊन यायचा. दुकानात घड्याळ झकास चालायचं, घरी गेलं की बंद. शेवटी सावळीराम बाजारात बोलून गेला, "मियाँचा हात गेला आता."

ते खलीलमियाँच्या जिव्हारी लागलं. ते बायकोला म्हणाले, "मासूमा, उद्या मीच चांदवडला जातो. नाही जमलं, तर दुकान भाच्याला देऊन टाकू. माझ्या कुडत्यातली दुकानाची किल्ली त्याच्यासाठी काढून ठेव." मासूमा नुसतं हं म्हणाली.

चांदवडला त्यांनी यंत्र पेटीत बसवलं, लंबक हलवला आणि डोळे मिटले. एक ठोका जवळ पडत होता, दुसरा लांब. घड्याळ चक्क लंगडत होतं. त्यांनी खाली बसून जमिनीवर तळवा फिरवला. एका अंगाला सारवणाचे थरच्या थर, धान्याच्या कणगीकडे मात्र खोलगट.

"वहिनी, घड्याळाखाली सारवता का?"

"सारवते ना," सावळीरामची बायको बयाबाई म्हणाली. "दर सणाला बाजूला सरकवून. कणगीकडं तेवढा हात नाय पोचत."

वर्षानुवर्षांच्या सारवणानं पेटी एका अंगाला कलली होती. लंबकाला दोन्हीकडे सारखा झोका लागतो. एकीकडचा तोकडा पडला की यंत्र थांबतं. दुकानात ते सरळ फळीवर असायचं, म्हणून चालायचं. बयाबाई ओशाळली.

"माया जास्त झाली, एवढंच," खलीलमियाँ हसले. कणगीकडच्या पायाखाली त्यांनी लाकडाची पाचर सारली. ठोके सारखे पडू लागले. पिठलं-भाकरी झाली, उन्हं उतरली, तरी घड्याळ चालूच. "मी उगाच बोललो," सावळीराम पुटपुटला. खलीलमियाँचे डोळे भरून आले.

घरी येताच त्यांनी विचारलं, "किल्ली कुठं ठेवलीस?"

"तुमच्याच कुडत्यात आहे," मासूमा पोळी उलटत म्हणाली. "मी काढलीच नव्हती."